खान्देशच्या उन्हात टिकेल असा स्पायरोमीटर : हवेचा प्रवाह मोजायचा कशाने?

गिरणाकाठ
नमस्कार मंडळी. श्वासाच्या तपासणीसाठी, म्हणजे नळीत फुंकून करतात त्या स्पायरोमेट्रीसाठी, बॅटरीवर चालणारं स्वस्त यंत्र बनवायचं असेल तर त्यात हवेचा प्रवाह मोजायला काय बसवावं? आमच्यात यावर एकमत होत नाहीये म्हणून धागा काढतोय.

आम्ही तिघं आहोत. मी जळगावला इन्स्ट्रुमेंटेशनचं काम करतो, एक मित्र फर्मवेअर, म्हणजे यंत्राच्या आतला प्रोग्राम, लिहितो, एक डॉक्टर मैत्रीण छातीच्या आजारांच्या शिबिरांना जाते. यंत्र न्यायचंय ते धरणगाव-चोपड्याकडच्या कापसाच्या जिनिंगमध्ये, नंदुरबारच्या मिरची सुकवायच्या पथारींवर, धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांत, जिथे चूल राहत्या घरातच पेटते. म्हणजे कपाशीचा तूस, धूळ, धूर, आणि एप्रिल-मे महिन्यात ४४-४५ अंश.

ज्यांना तपासणी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: छाती भरून श्वास घ्यायचा, नळी ओठांत घट्ट धरायची आणि आतली हवा संपेपर्यंत जीव खाऊन फुंकायचं. पहिल्या सेकंदात जितके लिटर बाहेर आले तो एफईव्ही१, एकूण जितके आले तो एफव्हीसी. श्वासनलिका मोकळी करणारं औषध दिल्यावरही पहिल्याला दुसऱ्याने भागून उत्तर ०.७० च्या खाली राहिलं, तर सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार, धरतात.

पर्याय चार दिसतात. टर्बाइनमध्ये नळीतलं हलकं पातं फिरतं आणि इन्फ्रारेड किरण किती वेळा तुटला ते मोजतात. जाळीच्या नळीत बारीक जाळी आडवी असते, तिच्या अलीकडच्या-पलीकडच्या दाबातला फरक प्रवाहाच्या सम प्रमाणात वाढतो. ऑरिफिसमध्ये नळीला अरुंद भोक असतं, तिथेही दाबातला फरकच मोजतात, पण तो प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. चौथा अल्ट्रासाउंड: नळीत तिरक्या बसवलेल्या, आवाज सोडणाऱ्या-पकडणाऱ्या दोन ट्रान्सड्यूसरमध्ये आवाज जायला आणि यायला लागणाऱ्या वेळांतला फरक.

माझं मत आधीच सांगून टाकतो. माहितीपत्रकात सगळे वरचं टोक सांगतात, १४ लिटर प्रति सेकंदापर्यंत मोजतो म्हणून. आपल्या पेशंटचा निकाल मात्र खालच्या टोकाला लागतो. सीओपीडीचा माणूस पहिल्या दोन सेकंदांनंतर इतकी सावकाश हवा सोडतो की ती कित्येक यंत्रांच्या ध्यानातही येत नाही. समजा खरा एफव्हीसी ३.०० लिटर आहे आणि एफईव्ही१ २.०० लिटर. गुणोत्तर ०.६७. यंत्राने फुंकीच्या शेपटाकडचे, म्हणजे अगदी शेवटचे, ३०० मिली गाळले की एफव्हीसी २.७० होतो, गुणोत्तर ०.७४, आणि आजारी माणूस 'नॉर्मल' शिक्का घेऊन घरी जातो. म्हणून मला जाळी हवी. मित्राला ऑरिफिस हवाय, थ्रीडी प्रिंटरवर घरच्या घरी निघतो म्हणून.

केळीचं_पान
रावेरहून हजेरी. फुंकायला माणसं लागली तर सांगा, आमच्या गल्लीतले भजनी बुवा एका दमात अख्खं कडवं ओढतात. वरचं टोक त्यांच्यावर तपासा.

मेहरूण
गिरणाकाठशी सहमत, आणि ऑरिफिसचं गणित मांडूनच टाकतो म्हणजे मित्राचं समाधान होईल.

धरा की १४ लिटर प्रति सेकंदाला १००० पास्कल पडतील असं भोक ठेवलं. नियमानुसार रोध, म्हणजे नळीने हवेला केलेला अडथळा, ०.१५ किलोपास्कल प्रति लिटर प्रति सेकंदाच्या आत हवा, म्हणजे १४ लिटरला २१०० पास्कलपर्यंत चालतं. आपण त्यात बसतो. आता अर्धा लिटर प्रति सेकंद घ्या. प्रवाह २८ पट कमी, म्हणून दाब ७८४ पट कमी: सव्वा पास्कलच्या आसपास. प्रोजेक्टवाली पोरं सहसा ±२ किलोपास्कलचा सेन्सर घेतात आणि अर्डुइनो या छोट्या कंट्रोलर बोर्डाच्या १० बिटला, म्हणजे १०२४ पायऱ्यांना, जोडतात. तिथे एक पायरीच जवळपास ४ पास्कलची. सुमारे पाऊण-एक लिटर प्रति सेकंदाच्या खाली त्या यंत्राला काहीच दिसत नाही. सीओपीडीवाल्याची निम्मी फुंक तिथेच असते.

तोच सेन्सर जाळीला लावा. अर्ध्या लिटरला ३६ पास्कल, म्हणजे नऊ पायऱ्या. फार सुरेख नाही, पण दिसतं तरी.

फर्मवेअरवाला
तो मित्र मीच. :)

गणित बरोबर आहे, पण त्यातला सेन्सर मुद्दाम मठ्ठ निवडलाय. आज ±५०० पास्कलचे १६ बिटचे डिजिटल सेन्सर मिळतात, पायरी पास्कलच्या कितीतरी खाली. शिवाय दोन सेन्सर समांतर लावता येतात, एक बारीक फरकासाठी, एक जोरासाठी. व्हेंटिलेटरमध्ये तिसरी युक्ती वापरतात: भोकावर पातळ झडप असते, प्रवाह वाढला की ती जास्त उघडते, त्यामुळे वर्गाचा वक्र बराच सरळ होतो.

ऑरिफिसचा खरा फायदा सफाईचा. शिबिरात साठ माणसं फुंकणार, थुंकी-कफ येणारच. भोक धुता येतं. जाळी कशी धुणार?

मेहरूण
@फर्मवेअरवाला, झडप पहिल्या महिन्यात छान चालते. पुढे प्लास्टिक मऊ पडतं आणि वक्र बदलतो. ४५ अंशांत तर लवकरच. दोन सेन्सरची कल्पना मात्र आवडली.

स्टेथो
मीच ती डॉक्टर मैत्रीण नाही, पण धुळ्याला हेच काम करते, म्हणून लिहिते.

तुमचा सेन्सर सोन्याचा असला तरी पेशंटने नीट फुंकलं नाही तर आकडा मातीचा. २०१९ च्या अमेरिकन-युरोपियन मानकांप्रमाणे सुरुवात झटक्यात व्हायला हवी. सुरुवातीला रेंगाळलेली हवा एफव्हीसीच्या ५ टक्के किंवा १०० मिली, यातलं जे मोठं असेल त्याच्या आत. शेवट म्हणजे एका सेकंदात २५ मिलीपेक्षा कमी हवा येतेय इथपर्यंत, नाहीतर १५ सेकंद भरेपर्यंत. किमान तीन चांगल्या फुंका, आणि त्यातल्या सर्वोत्तम दोहोंत १५० मिलीहून जास्त फरक नको. तो शेवटचा २५ मिलीचा नियम नीट वाचा. एका सेकंदात २५ मिली येतेय की नाही हे ज्या यंत्राला कळत नाही, ते फुंक संपली की नाही हे सांगूच शकत नाही.

आता आमच्याकडची गोष्ट. चाळिशीतला गडी येतो, वर्षानुवर्षं गुटखा खाल्लेला. तोंड दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नाही. पुठ्ठ्याचा जाड माउथपीस दातांमध्ये जातच नाही, ओठांच्या कडेने हवा सुटते, आणि स्क्रीनवर आलेख असा येतो की फुप्फुस निम्मं वाटावं. तुम्ही डिझाइन करताय तर चपटा, अंडाकृती माउथपीसही करा. कवळी असेल तर ती काढायला लावू नका, कवळीसकट ओठ चांगले मिटतात.

सातपुडा
मी धडगाव भागात उपकेंद्रावर आहे. डॉक्टर ताईंच्या मुद्द्यात भर. फुंकायला सांगणारा आवाज कोणत्या भाषेत आहे यावर बरंच अवलंबून असतं. आमच्याकडच्या यंत्रात इंग्रजी आणि हिंदी आहे. पावरी बोलणारी आजी 'ब्लो, ब्लो' ऐकून नुसती बघत राहते. ॲपमध्ये पावरी, भिली आणि अहिराणी आवाज टाका. रेकॉर्डिंगला माणसं मी देतो.

केळीचं_पान
अहिराणीसाठी मी तयार. "भरी ल्या छाती... आते फुका! आखो, आखो, आखो, सोडू नका, आखो!" माझा आवाज नाट्यगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत जातो.

स्टेथो
@केळीचं_पान, हे खरंच रेकॉर्ड करून पाठवा. "आखो" मध्ये जो ताण आहे तो "और" मध्ये येत नाही. माझे धुळ्याकडचे पेशंट "माले दम लागस" म्हणत येतात, त्यांना त्याच बोलीत सांगितलं की दुसऱ्याच प्रयत्नात शेवटपर्यंत जातात.

विज्ञानवेडी
थोडा इतिहास सांगते, कारण हाच वाद जुना आहे.

जॉन हचिन्सन या इंग्रज डॉक्टरने १८४६ मध्ये पाण्याचा स्पायरोमीटर मांडला. पाण्यात उलटी घंटा, फुंकलं की ती वर उचलली जाते, किती उचलली ते मोजायचं. त्याने दोन हजारांहून जास्त माणसं तपासली आणि फुप्फुसाची क्षमता उंचीबरोबर वाढते हे दाखवलं. ते यंत्र थेट घनफळ मोजायचं, म्हणून शेपूट गळायचा प्रश्नच नव्हता. कितीही सावकाश आली तरी हवा घंटेतच जमायची.

१९२५ मध्ये आल्फ्रेड फ्लाइशने बारीक नळ्यांची जुडी वापरून प्रवाह मोजला. तिथून आपण 'किती' ऐवजी 'किती वेगाने' मोजायला लागलो, आणि घनफळ काढायला त्या वेगाची बेरीज करावी लागू लागली. यंत्र लहान झालं, पण बेरजेबरोबर चुकांचीही बेरीज आली. गिरणाकाठ ज्या शेपटाबद्दल बोलतोय त्याचं मूळ इथे आहे. जाळीची नळी त्यानंतरची.

आप्पा_एरंडोल
मी एका सूतगिरणीत आणि नंतर जिनिंगमध्ये सुपरवायझर होतो, आता रिटायर. तुमचं तांत्रिक मला सगळं कळत नाही पण एक सांगतो.

आठवड्याच्या सुट्टीनंतर पहिल्या पाळीला ब्लोरूम आणि कार्डिंगमधली, म्हणजे कापूस मोकळा करायच्या आणि विंचरायच्या खात्यांतली, माणसं छाती धरून यायची. आवळल्यासारखं वाटतं म्हणायची. बुधवार-गुरुवारपर्यंत सैल व्हायचं. मालक म्हणायचा सुट्टीची झिंग आहे. मला तेव्हाही ते पटलं नाही, कारण जो माणूस दारूला शिवत नव्हता त्यालाही तसंच व्हायचं. तुमच्या यंत्राने हे सिद्ध होईल का? झालं तर मला त्याच्यासारखं समाधान नाही.

स्टेथो
आप्पा, तुम्ही पाहिलंत तो बिसिनोसिस. कापसाच्या धुळीने होणारा आजार, आणि सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळणं हीच त्याची खूण. कार्डिंगमध्ये जास्त, जिनिंगमध्ये तुलनेने कमी, पण आढळतो.

आणि हो, यंत्राने दाखवता येतो. अमेरिकेत १९७८ च्या कापूस धुळीच्या नियमाने कामगारांचा एफईव्ही१ पाळीआधी आणि पाळीनंतर मोजणं मालकांवर बंधनकारक केलं. एकाच माणसाचा, एकाच दिवसाचा आकडा किती घसरला ते बघतात.

गिरणाकाठ, हे लक्षात घे. इथे तुला गुणोत्तर नकोय, सकाळ आणि संध्याकाळचा फरक हवाय. सकाळी शेडमध्ये २५ अंश आणि दुपारी ३८. यंत्र स्वतःच तापून दीडशे मिली सरकलं तर तू कामगाराचं फुप्फुस मोजतोयस की शेडचं तापमान?

अंजिंठा_चौफुली
एवढं सगळं कशाला? पीक फ्लो मीटर आहे ना. स्प्रिंग आणि काटा, सेल नको, चार्जिंग नको. प्रत्येक आशाताईला एक द्या.

विज्ञानवेडी
पीक फ्लो मीटर हे राइट यांचं १९५९ चं यंत्र, आणि दम्यासाठी उत्तमच आहे. सकाळ-संध्याकाळ फुंकून दोन आठवड्यांची नोंद ठेवली आणि प्रौढात रोजचा चढउतार सरासरी १० टक्क्यांहून जास्त निघाला तर दम्याचा पुरावा मिळतो. आप्पांच्या पाळीच्या प्रश्नालाही ते काही अंशी चालेल. पण ते फक्त शिखर सांगतं, फुंक किती वेळ चालली हे सांगत नाही. सीओपीडीत शिखर बऱ्यापैकी आणि शेपूट लांबलचक, असं पुष्कळदा असतं.

अंजिंठा_चौफुली
पटलं. तरी स्वस्त ते स्वस्त. दोन्ही ठेवा.

झिरो_सेट
एमआयडीसीत कॅलिब्रेशनचं, म्हणजे यंत्रांचे आकडे पडताळून जुळवायचं, काम करतो, त्यामुळे या धाग्यात मला बोलायलाच हवं. सगळे सेन्सरचा प्रकार निवडताय, पण चूक कोणत्या जातीची आहे हे कुणी विचारलं नाही. दोन जाती आहेत आणि त्यांचं वागणं एकदम वेगळं.

पहिली, पटीची चूक. यंत्र सगळंच १० टक्के जास्त दाखवतं. वरचंच उदाहरण घ्या, २.०० चे २.२० आणि ३.०० चे ३.३०. गुणोत्तर? ०.६७ च. पटीची चूक भागाकारात कटते.

दुसरी, शून्याची चूक. प्रवाह नसताना यंत्र उणे ०.०२ लिटर प्रति सेकंद दाखवतंय. एवढासा आकडा कुणाच्या डोळ्यात येत नाही. पण फुंक १० सेकंद चालली की बेरजेत २०० मिली गेले. पहिल्या सेकंदात मात्र फक्त २० मिली. म्हणजे १.९८ भागिले २.८०. गुणोत्तर ०.७०७. सीमा ओलांडली, माणूस निरोगी झाला!

म्हणून शिबिरात आजारी माणसं निवडायची असतील तर शून्याची काळजी पटीच्या दहापट घ्या. आणि शून्य बिघडवणारी सगळ्यात मोठी गोष्ट सर्किटमध्ये नसते, ती टेबलावर असते. उन्हाळ्यात टेबलासमोर कूलर लावलेला, नळीचं उघडं तोंड कूलरकडे, आणि ऑपरेटर 'झिरो' बटण दाबतो. नळीतून वारा वाहतोय आणि यंत्र त्यालाच शून्य मानतं. जळगावच्या सराफ बाजारात काटा काचेच्या पेटीत ठेवतात तो याचसाठी. नळीला टोपी द्या, टोपी लावल्याशिवाय झिरो होऊच नये असा स्विच द्या, आणि प्रत्येक फुंकीआधी झिरो घ्या.

गिरणाकाठ
@झिरो_सेट, टोपीचा स्विच हा या धाग्यातला मला मिळालेला सगळ्यात कामाचा सल्ला. उद्याच ड्रॉइंगमध्ये टाकतो. टोपीत छोटा चुंबक आणि नळीत चुंबक ओळखणारा हॉल सेन्सर, म्हणजे यांत्रिक भाग नको.

सातपुडा
तापमानाचं कुणीतरी समजावून सांगा. शरीराच्या तापमानाचं करेक्शन म्हणतात ते मे महिन्यात कसं चालतं? आमच्याकडचं यंत्र ४० अंशांच्या वर गेलं की लाल त्रिकोण दाखवतं आणि बंद. मग दुपारी दोन ते पाच तपासणी ठप्प.

मेहरूण
फुप्फुसातली हवा ३७ अंशांची आणि वाफेने भरलेली. बाहेर थंड खोलीत आली की आकसते, थोडी वाफ पाणी होते. म्हणून मोजलेल्या घनफळाला गुणावं लागतं. हचिन्सनच्या घंटेसारख्या यंत्रात २० अंशांना १.१०२ ने, २५ ला १.०७५ ने, ३० ला १.०४५ ने, आणि ३७ ला १ ने, म्हणजे गुणायचंच नाही. प्रवाह मोजणाऱ्या नळीत हवा पूर्ण थंड व्हायच्या आतच पुढे जाते, म्हणून तिथला गुणक त्याहून लहान असतो आणि नळीच्या रचनेप्रमाणे बदलतो.

आता भुसावळचा मे घ्या. बाहेर ४४. हवा आकसायचा प्रश्नच नाही. पण फर्मवेअरमध्ये कुणी थंड लॅबचा गुणक कायमचा लिहून ठेवला असेल तर यंत्र प्रत्येकाला १० टक्के फुकटचं फुप्फुस वाटत सुटेल. झिरो_सेटच्या भाषेत ही पटीची चूक, गुणोत्तर वाचतं. पण 'अपेक्षेच्या किती टक्के', म्हणजे त्याच वया-उंचीच्या निरोगी माणसाच्या तुलनेत किती, हा आकडा फसतो आणि आप्पांची सकाळ-दुपारची तुलना पार कोसळते. २००५ च्या मानकांतही १७ ते ४० अंशांबाहेरचं तापमान अडचणीचं म्हटलंय. म्हणून यंत्रं बंद पडतात, त्यांचा तसा दोष नाही.

उपाय: तापमानाचा सेन्सर डब्यात नको, नळीच्या तोंडाशी हवा. डबा बॅटरीने तापतो आणि खोटं बोलतो.

गिरणाकाठ
उन्हाळा जाळीला एका बाबतीत बरा आहे. थंडीत जाळीवर वाफ साचते, भोकं बुजतात, रोध वाढतो आणि यंत्र जास्त प्रवाह दाखवतं. म्हणून जाळी गरम ठेवावी लागते आणि हीटर बॅटरी खातो. मेमध्ये हीटरची गरजच नाही. डिसेंबरात धुळ्याला पहाटे पारा दहाच्या खाली जातो तेव्हा मात्र हवाच.

निंबोळी
मी हॉस्पिटलांची यंत्रं दुरुस्त करते. टर्बाइनला कुणी विचारतच नाहीये म्हणून तिची बाजू मांडते.

टर्बाइन घनफळ जवळजवळ थेट मोजते, एक फेरी म्हणजे इतके मिली. शून्य सरकत नाही, कारण पातं थांबलं म्हणजे शून्य. कूलरचा प्रश्न थोडा उरतो, पण डोळ्यांना दिसतो: पातं फिरतंय. वाफेचं भय नाही. मिरची पथारीवर मी याहून साधं दुसरं काही नेणार नाही.

तिचे दोष मला माहीत आहेत. सुरुवातीला पातं पळायला वेळ घेतं आणि शेवटी घर्षणामुळे हवा संपायच्या आधीच थांबतं. म्हणजे गिरणाकाठचं शेपूट तिथेही कापलं जातं. आणि कपाशीचा तूस आसाला गुंडाळला की पातं जड होतं. मी एकदा भिंगाखाली पाहिलं, आसाच्या टोकाला पांढऱ्या तंतूचे दोन-तीन वेढे होते, केसाहून बारीक. तेवढ्याने यंत्र खालच्या वेगाला बहिरं झालं होतं. चिमट्याने तंतू काढला आणि पातं पुन्हा नुसत्या उच्छ्वासाने फिरायला लागलं. म्हणून माझं म्हणणं, मिरचीला टर्बाइन, कापसाला नाही.

आप्पा_एरंडोल
निंबोळीताई, तंतू आसाला गुंडाळणं हे आमच्या मोटारींच्या बेअरिंगलाही व्हायचं. कापूस कुठेही शिरतो.

फर्मवेअरवाला
अल्ट्रासाउंड राहिलं. त्याचं एक सौंदर्य आहे. जाण्याचा आणि येण्याचा दोन्ही वेळा हातात असले की सूत्रातून ध्वनीचा वेग बाहेर पडतो. ध्वनीचा वेग बाहेर पडला की तापमानही बऱ्याच अंशी बाहेर पडलं. वाटेत काही नाही, जाळी नाही, पातं नाही, तूस अडकायला जागाच नाही. अडचण वेळेची. २ सेंटिमीटर व्यासाच्या नळीत ०.१ लिटर प्रति सेकंदाला दोन वेळांतला फरक १०० नॅनोसेकंदांच्या आसपास येतो. आजच्या टायमिंग चिपला ते जमतं, पण ट्रान्सड्यूसरची जोडी चांगली लागते आणि खर्च तिथेच वाढतो.

स्टेथो
अवांतर, पण महत्त्वाचं. यंत्र 'अपेक्षेच्या ६२ टक्के' म्हणतं ती अपेक्षा कुणाची? २०१२ च्या जागतिक समीकरणांत भारतीय उपखंडाचा वेगळा गटच नव्हता. २०२२ मध्ये वंश न विचारणारं एकच जागतिक समीकरण आलं. तुमच्या यंत्रात कोणतं समीकरण आहे ते रिपोर्टवर छापा, कारण समीकरण बदललं की तोच माणूस आजारी किंवा बरा होतो. समीकरणाला वय आणि उंची लागते. सातपुड्यात वय अंदाजाने सांगतात. म्हाताऱ्या बाईची पाठ वाकलेली असली तर उंचीऐवजी दोन्ही हात पसरून टोकापासून टोकापर्यंत मोजा.

सातपुडा
आणि टीबीचा संशय असेल तर आधी थुंकी तपासा, मग हे. जोरात फुंकताना खोकला उसळतो. जंतू अडवणारा फिल्टर प्रत्येकाला नवा लागतो, तोच खर्च यंत्राहून जास्त होतो.

निंबोळी
फिल्टर लावायचाच असेल तर कॅलिब्रेशनही फिल्टर लावून करा, त्याचाही रोध असतो. आणि फर्मवेअरवाल्याच्या जुन्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे: फिल्टर पुढे असेल तर थुंकी जाळीपर्यंत पोचत नाही, जाळी रोज धुवायला लागत नाही.

झिरो_सेट
कोणतंही निवडा, ३ लिटरची कॅलिब्रेशन सिरिंज घ्याच. रोज सकाळी, वेगवेगळ्या वेगांनी. सहा सेकंदांत सावकाश ढकलली तर अर्धा लिटर प्रति सेकंद, एका सेकंदात ढकलली तर तीन. दर वेळी २.९१ ते ३.०९ च्या आत यायला हवं. सावकाश ढकललेलीच सगळ्यात जास्त शिकवते, आणि नेमकी तीच लोक टाळतात. सिरिंज यंत्राच्या शेजारीच ठेवा, गाडीच्या डिकीत तापलेली आणून लगेच वापरू नका. तिच्यातली हवा खोलीच्या तापमानाची असते, म्हणून त्या वेळी शरीराच्या तापमानाचं करेक्शन बंद.

सिरिंजने सगळं कळत नाही हेही खरं. माणसाची फुंक सिरिंजसारखी एकसारखी नसते. त्यासाठी १९९४ च्या अमेरिकन मानकांत फुंकींच्या २४ ठरावीक लहरी दिल्या होत्या, संगणकाने चालणारा पंप त्या हुबेहूब फुंकतो. असा पंप ज्या लॅबमध्ये आहे तिथे एकदा तरी यंत्र न्या.

अंजिंठा_चौफुली
गिरणाकाठभाऊ, मग ठरलं काय? पुन्हा मूळ प्रश्नावर या.

गिरणाकाठ
आलो. हे ठरवतोय:

कापसासाठी आणि सीओपीडीच्या शिबिरांसाठी जाळीची नळी, ±५०० पास्कलचा १६ बिट सेन्सर, पुढे फिल्टर. जाळी इतकी मोकळी की फिल्टर धरूनही रोध मर्यादेत राहील. तापमान नळीच्या तोंडाशी. टोपीत चुंबक, टोपीशिवाय झिरो नाही. हीटर ठेवणार, पण खोली ३५ अंशांच्या वर गेली की आपोआप बंद. माउथपीस दोन, गोल आणि चपटा. आवाज अहिराणी, पावरी, भिली, मराठी.

स्क्रीनवर 'अपेक्षेचे टक्के' मोठ्या अक्षरात दाखवणार नाही. आधी आलेख, मग गुणोत्तर. आणि शेपूट पूर्ण झालं नसेल तर गुणोत्तर दाखवायचंच नाही, 'पुन्हा फुंका' एवढंच. पेशंट थकला आणि पूर्ण होतच नसेल तर एफव्हीसीच्या जागी पहिल्या सहा सेकंदांतली हवा, म्हणजे एफईव्ही६, घेऊन ०.७३ ची सीमा वापरू, पण रिपोर्टवर तसं स्पष्ट लिहून.

आप्पांच्या पाळीच्या तपासणीसाठी सकाळी आणि पाळी संपल्यावर, दोन्ही वेळा सिरिंज आधी आणि माणूस नंतर. सिरिंजचा आकडा सकाळहून सरकला असेल तर त्या दिवसाची तुलना धरायची नाही.

मित्राचा ऑरिफिस सोडून दिलेला नाही. तो दोन सेन्सर लावून समांतर बनवतोय, एकाच सिरिंजवर दोन्ही ठेवून बघू.

स्टेथो
माणसांवर वापरायच्या आधी एथिक्स कमिटीची मंजुरी घ्या. आणि कुणाला निदान सांगणारा रिपोर्ट द्यायचा तर २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांखाली परवाना लागतो. तोवर प्रत्येक माणसाची शेजारी चालू, तपासलेल्या यंत्रावरही फुंक घ्या आणि निदान त्याच्याच आकड्यावर करा. माझ्याकडचं यंत्र देते.

निंबोळी
सिरिंज माझ्याकडे आहे. नेताना तिचं तोंड बंद करून दांडा दाबून बघा, हवा सुटत असेल तर ओ-रिंग बदलून देते.

आप्पा_एरंडोल
जिनिंगचा हंगाम दिवाळीनंतर चालू होतो. मालकाशी मी बोलतो, तो माझ्या हाताखाली शिकलेल्या पोराचा चुलता आहे. कामगारांना मात्र तुम्ही स्वतः सांगा की आकडा मालकाला जाणार नाही. नाहीतर कुणी फुंकणार नाही.

गिरणाकाठ
आप्पा, आकडा कामगारालाच जाईल, छापील कागदावर, त्याच्या हातात. दिवाळीआधी जाळीच्या नळीचं सिरिंजवरचं मोजमाप इथेच टाकतो, सावकाश ढकललेल्या आकड्यांसकट.